एकतिसावा भाग

भुतावर जीव जडलेल्या बायकांच्या कथा मी सकाळी लिहिते, सात ते साडेनऊ. वाचकांना वाटतं, मी मध्यरात्री मेणबत्ती लावून बसत असेन. मेणबत्ती आमच्याकडे आहे, पण ती लाइट गेल्यावर शोधायची असते आणि तेव्हा ती कधीच सापडत नाही. रात्री मी लिहीत नाही, कारण मला अंधाराची भीती वाटते. मोरीत जायचं तरी मी स्वयंपाकघराचा दिवा लावते आणि नवऱ्याला सांगून जाते. तो कुशीवर वळत म्हणतो, "दिवसभर भुतं नाचवायची आन् रातीला मला उठवायचं."

आम्ही बजाजनगरात राहतो. दोन खोल्या आणि वर गच्ची. नवरा वाळूजच्या एका कंपनीत तीन शिफ्टमध्ये आहे, त्यामुळे माझं लिहिणंही तीन शिफ्टमध्ये चालतं. फर्स्ट शिफ्टचा आठवडा सगळ्यांत चांगला. कंपनीची बस त्याला पहाटे घेऊन गेली की घर माझं. मी ओट्यापाशी उभी राहून मोबाइलवर अंगठ्याने लिहिते, एका बाजूला डाळ शिजत असते. संवाद मी मोठ्याने बोलून बघते. शेजारणीला पहिले काही महिने वाटायचं की मी फोनवर कुणाशी तरी भांडते. तिने एकदा खिडकीतून विचारलंही, "सासरचे का?"

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात नवरा दिवसा झोपतो. मग मी गच्चीच्या जिन्यात चौथ्या पायरीवर बसते, कारण नेट तिथेच येतं. तिथे मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून संवाद ओठातल्या ओठात पुटपुटायचे. त्याचा परिणाम असा की त्या आठवड्यात लिहिलेल्या भागांत माझी माणसं हळू बोलतात. दाराआडून, उशीत तोंड खुपसून, कानाशी लागून. वाचकांना ते भाग जास्त आवडतात. "ताई, काय तो हळवेपणा!" असं लिहितात. त्यांना काय सांगणार, की आत माझा नवरा घोरत होता?

मोबाइलवर कथा वाचायचं एक ॲप आहे, त्यावर 'अलौकिक प्रेम' म्हणून एक खाना आहे. मी त्या खान्यात लिहिते, टोपणनावाने. नवऱ्याशिवाय घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यानेही आजवर एक ओळ वाचलेली नाही. नाव लपवायचं कारण साधं होतं. लग्नाकार्यात पंगतीत बसल्यावर "हीच का ती भुताची?" हे मला ऐकायचं नव्हतं. आठवड्याला तीन भाग टाकायचे. भाग संपताना दाराची कडी तरी वाजली पाहिजे नाहीतर कुणीतरी मागे उभं असलं पाहिजे. एक वही आहे, तिच्यात भुताचे नियम लिहिलेत. सावली पडते का? नाही. आरशात दिसतो का? फक्त नायिकेला. हे नियम मोडले की वाचक पकडतात. एकीने विचारलं होतं, "ताई, भूत चहा कसा पितो?" मी उत्तर दिलं, "वास घेतो." तिचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण मी तो चहा कुठून आणला होता ते मला माहीत होतं.

आता माझ्या नणंदेबद्दल सांगायला हवं. ती वैजापूरला दिलेली. तिचा नवरा मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्यांची ने-आण करायचा, स्वतःचा टेम्पो होता. चांगला माणूस. दारात आला की आधी दोनदा खाकरायचा, मग आत यायचा. चहा उभ्यानेच, बशीत ओतून. "बसा की," म्हटलं तर म्हणायचा, "बसलं की उठावं लागतं." चार वर्षांपूर्वी गाडीत गोण्या चढवताना छातीत कळ आली आणि गेला. चाळिशीही नव्हती गाठली. मूलबाळ नव्हतं. आता नणंद सासरीच राहते, सासू, दीर आणि जाऊ यांच्याबरोबर. पुढच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे, ब्लाउज शिवते. तिची सासू तेव्हा चार माणसांत म्हणाली होती, "ही माझ्यापाशीच राहील." माझ्या नणंदेला तिथे आधार होता तो या एका वाक्याचा.

त्याच्या दहाव्याला आम्ही सगळे गोदावरीच्या काठी गेलो होतो. पिंड ठेवले, माणसं मागे सरली. समोर बाभळीवर कावळे होते, दहा-बारा तरी. एकही खाली उतरेना. मग सुरू झालं. दीर पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." कावळा नाही. कुणी म्हणालं टेम्पोचं बघतो, कुणी म्हणालं तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. सासू तर वाळूत बसून एक-एक आठवत होती. लहानपणी तुला सायकल घेऊन दिली नाही, ते राहिलं का? नवी चप्पल घ्यायची म्हणत होतास, ते राहिलं का? ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि सगळे उठले. सासू उठेना, तिला दोघांनी धरून आणली.

तेव्हापासून ती म्हातारी दर अमावास्येला भिंतीवर भाताचा घास ठेवते आणि कावळ्याला विचारते, "काय राहिलं रे?"

दीड वर्षाने भाऊबिजेला नणंद आमच्याकडे आली. नवऱ्याची थर्ड शिफ्ट होती, तो झोपला होता. आम्ही दोघी जिन्यात जाऊन बसलो, त्याच चौथ्या पायरीवर, आणि ती अगदी हळू बोलली. "वहिनी, कावळा माझ्यामुळं नाय उतरला. सगळे हात जोडून काय काय कबूल करत व्हते, आन् मी मनात म्हणत व्हते, जाऊ नको. शिवू नको. जाऊ नको. येकसारखं तेच. त्यानं ऐकलं माझं." मग म्हणाली, "आत्याला कसं सांगू? त्या अजून पुसत बसत्यात." सासूला ती आत्या म्हणते. मी तिचा हात धरला. कुणाला सांगणार नाही म्हणाले.

कुणाला सांगितलंही नाही. लिहिलं.

कसं लिहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवी मालिका सुरू केली होती, मेलेला नायक परत येतो आणि नायिका त्याला दाराआड ठेवून घेते. तिसाव्या भागापर्यंत वाचक विचारत होते, हा येतो का? गेला का नाही? उत्तर हवं होतं. थर्ड शिफ्टचा आठवडा होता, मी पायरीवर बसले होते, आणि ते उत्तर माझ्या अंगठ्यातून सरळ उतरलं. नदी, पिंड, बाभूळ आणि मनातल्या मनात "जाऊ नको" म्हणणारी बाई. मी बदल केले नव्हते असं नाही. नायकाला पाटबंधारे खात्यात इंजिनिअर केला, नायिकेला बायको न करता साखरपुडा झालेली मुलगी केलं, दोघांना तलावाकाठच्या कॉलनीत नेऊन ठेवलं. मला वाटलं, एवढं केलं की माणूस ओळखू येत नाही. पण वांगं कितीही मसाला भरून शिजवलं तरी देठ वर राहतोच. खाकरणं तसंच राहिलं, बशी तशीच राहिली.

चौतीस भाग झाले होते तेव्हा नणंदेचा फोन आला. ती फोन नेहमी स्पीकरवर ठेवते, कारण हात मशीनवर असतात. तिच्याशी बोलायचं म्हणजे त्या सगळ्या घराशी बोलायचं.

"वहिनी, आमच्या जाऊबाईनं मोबाइलात एक कथा काढली. रोज दुपारी चहाला एक भाग वाचून दाखवती. आत्या बी ऐकत्यात. लई भारी हाय."

"हो का?" मी म्हणाले. हातातली पळी मी कुठे ठेवली ते मला नंतर सापडेना.

"एकोणीस झाले. माणूस मेलेला हाय, पण घरी येतो. आला की दोनदा खाकरतो." मशीनचा आवाज थांबला. "चहा उभ्यानंच पितो. बशीत वतून."

मी गॅस बंद केला.

"तुमी वाचली का?"

"नाही बाई, मला कुठला वेळ."

"खालच्या कमेंटी बी वाचती आमची जाऊ," ती म्हणाली, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

एकोणीस झाले. रोज एक. एकतिसाव्या भागाला बारा दिवस होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने ठिपके मारले. तिला कळलं होतं का? कळलं असेल तर ती असं का बोलली? नसेल कळलं तर मशीन का थांबलं? आणि तिला कळलेलं असो की नसो, एकतिसावा भाग त्या घरात मोठ्याने वाचला गेला तर सासूला कळायला कितीसा वेळ लागणार? नदी, बाभूळ, दर्भाचा कावळा. त्या म्हातारीने चार वर्षं ज्या प्रश्नावर काढली त्याचं उत्तर तिला तिच्याच दुपारच्या चहाबरोबर मिळणार होतं. माझ्या पोराला हिने अडकवून ठेवलं, असं एकदा तिच्या मनाने घेतलं की मग "ही माझ्यापाशीच राहील" ला काय अर्थ उरला? माझी नणंद मशीन घेऊन कुठे जाणार होती? आमच्या दोन खोल्यांत?

त्या दिवसांत माझ्याने धड काही होईना. दूध उतू गेलं, तेही दोनदा. नवऱ्याच्या डब्यात मी नुसत्या पोळ्या दिल्या, भाजी ओट्यावरच राहिली. त्याने संध्याकाळी डबा ठेवला आणि विचारलं, "भाजी भुतानं खाल्ली का?" मी रडायलाच लागले. तो घाबरला. म्हणाला, "आगं, लोणचं व्हतं की डब्यात." त्याला मी काय सांगणार? गुपित त्याच्याच बहिणीचं होतं.

चौथ्या दिवशी मी शहाणपणा केला. ॲपवर जाऊन एकतिसावा भाग बदलला. नायिकेचं मनातलं बोलणं काढलं आणि कावळा न उतरण्याला एक कुत्रं आणलं. नदीकाठी कुत्रं फिरत होतं म्हणून कावळे भ्याले. वाचताना माझं मलाच हसू येत होतं, पण म्हटलं चालेल. दोन तासांत कमेंट आल्या. "ताई, ती 'जाऊ नको' म्हणते ते कुठे गेलं?" "ताई, हे कुत्रं कुठून आलं?" "मी हा भाग दहा वेळा वाचलाय, माझ्याशी खेळू नका." एका भल्या बाईने तर जुन्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. तिने तो सगळा उतारा जसाच्या तसा खाली लिहून दिला, बाकीच्यांच्या सोयीसाठी. म्हणजे आधी जे एका परिच्छेदात होतं ते आता कमेंटमध्ये ठळक होऊन बसलं, आणि वैजापूरची ती जाऊ कमेंटी बी वाचते. एक झाकायला गेले आणि दुसरं उघडं पडलं. मी मुकाट्याने जुना भाग परत लावला.

मग सगळी मालिकाच पुसून टाकायची ठरवली. 'हटवा' वर बोट ठेवलं. ॲपने विचारलं, "नक्की?" खरं सांगते, मला नक्की नव्हतं. तो भाग चांगला जमला होता. इतकी वर्षं लिहिते, एवढं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं. नणंदेचं घर डगमगायची वेळ आली होती आणि माझ्या मनाचा एक कोपरा म्हणत होता, पण काय लिहिलंय! त्या कोपऱ्याची मला अजून लाज वाटते. मी बोट काढलं आणि फोन पालथा ठेवला.

उरला एकच मार्ग. नणंदेला समोर बसवून सांगायचं. फोनवर शक्य नव्हतं, सगळं घर ऐकणार. एकदा मी म्हणून पाहिलं, "ताई, स्पीकर जरा बंद करता का?" तर मागून जाऊच म्हणाली, "का वो वहिनी, आमचं काय चोरून ऐकणं हाय का?" मी हसले आणि विषय कांद्याच्या भावावर नेला.

दहाव्या दिवशी मी निघाले. हिशोब केला होता, आज एकोणतिसावा भाग असेल. मध्ये पूर्ण एक दिवस हाताशी आहे. नवऱ्याला म्हटलं, तुमच्या बहिणीला भेटून येते, बरेच दिवस झाले. गंगापूरकडून जाणारी गाडी नाक्यावर तासभर आलीच नाही. मी उभी राहून वाक्यं जुळवत होते. ताई, माझ्याकडून एक चूक झाली. ताई, तुम्हाला एक सांगायचंय, रागावू नका. माझ्या नायिका असल्या प्रसंगी दीड पान बोलतात. मला दोन वाक्यांच्या पुढे जाता येईना. गाडीत शेजारची बाई म्हणाली, "पोटात दुखतंय का?" मी हो म्हणाले.

पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते. चौघी घरातच. म्हणजे आत्या दारापाशी सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होत्या, नणंद मशीनवर, जाऊ खुर्चीत मोबाइल घेऊन, आणि चौथी मी. पाणी दिलं, बसायला पाट दिला.

"बरं झालं आल्या वहिनी," जाऊ म्हणाली. "आज लई भारी भाग हाय. एकतिसावा."

मी म्हणाले, "एकोणतिसावा ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रविवारी तीन वाचले की आम्ही. दम निघना." मला कसं माहीत, हे तिने विचारलं नाही. नणंदेने मात्र मशीनवरून मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेवरून मला काही कळेना.

त्यानंतर मी काय काय केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. चहा मी करते म्हणाले, तो झालेला होता. आधी जेवूया म्हणाले, तर तीन वाजता कोण जेवतं? ताई, जरा मागे येता का, मला तुमचं नवं न्हाणीघर बघायचंय, असंही म्हणाले. नणंद म्हणाली, "न्हाणीघर जुनंच हाय, वहिनी. बसा." मी बसले. बसताना पाटाची कड गुडघ्याला लागली तीही मला आठवते.

जाऊ वाचायला लागली. आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हा एक वेगळाच मार आहे. तिने माझे सगळे स्वल्पविराम गिळले. भुताचा आवाज काढताना ती घसा खरवडायची. जिथे मी पायरीवर बसून कुजबुजत लिहिलं होतं तिथे ती बाजारात ओरडावं तशी वाचत होती. नदी आली. बाभूळ आली. मी आत्यांकडे बघायचं टाळत होते आणि त्यांच्याकडेच बघत होते. त्यांची बोटं सुपात फिरत होती. एक-एक माणूस हात जोडून कबूल करतो तो भाग आला तेव्हा बोटांचा वेग कमी झाला. दर्भाचा कावळा आला तेव्हा बोटं थांबली.

आणि मग ते वाक्य. "सगळे त्याला वाट करून देत होते आणि ती एकटी मनातल्या मनात दार लावून उभी होती. जाऊ नको, शिवू नको, जाऊ नको."

मशीन थांबलं.

"आयला," जाऊ म्हणाली, "हिनंच अडवला की त्याला!" मग तिने मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"परत वाच," आत्या म्हणाल्या.

तिने परत वाचलं, या वेळी हळू. आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. नणंदेकडे वळल्या. "तू म्हणली व्हतीस का आसं?"

 म्हणावंसं वाटलं, आत्या, ते मी लिहिलंय, ते खोटं आहे, आमच्यात असंच लिहितात. तोंड उघडलंच नाही. नणंद मशीनवरच्या कापडाकडे बघत होती. तिने मान हलवली. हो म्हणून.

आत्यांनी बाहेर, घास ठेवायच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजी त्याचं काय राहिलं नव्हतं."

जाऊने मोबाइल मांडीवर ठेवला.

"चार वर्षं कावळ्याला पुसते मी. सायकल राहिली का, चप्पल राहिली का. त्याला पोटभर जेवू घातलं नाय का म्या, ह्येच मनात." त्यांनी पदराने नाक पुसलं. "काय बी नव्हतं राहिलं माझ्या लेकाचं. तू धरला व्हता." आणि एकदम आवाज चढवून, "आगं मंग सांगायचं नाय का आधी? भवाने!"

नणंद उठून त्यांच्यापाशी जाऊन बसली. आत्यांनी तिच्या पाठीत एक धपका घातला, चांगला जोरात, आणि हात तिथेच ठेवला. दोघी रडत होत्या. जाऊही रडायला लागली, तिला अर्धंच कळलं होतं तरी. मी एकटी कोरडी बसले होते, कारण मला अजून भीती वाटत होती.

ती भीती बरोबरच होती. डोळे पुसून जाऊ म्हणाली, "पर मला एक कळंना. ह्या लिहिणारीला कसं ठावं?"

नणंद माझ्याकडे बघितल्याशिवाय म्हणाली, "बायकांचं सगळीकडं सारखंच आसतंय."

संध्याकाळी ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी लागायला अवकाश होता. मी म्हणाले, "ताई, तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या भागाला. बशीवरनं."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट बघत व्हते. म्हणलं वहिनी सांगतील." तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "एकतीस म्या आधीच वाचला व्हता. रविवारी जाऊबाईला म्याच म्हणले, वाच पुढं. जे व्हायचं ते व्हऊ दे, मला बी आता सोसंना."

मी म्हणाले, माझं चुकलं. पुन्हा म्हणाले. आत्यांचं इतकं चांगलं झालं, असंही म्हणून गेले, आणि ते म्हणायला नको होतं.

"आत्याचं बरं झालं, त्ये निराळं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "उलटं झालं आसतं तर? म्या ते तुमाला सांगितलं व्हतं, वहिनी. जिन्यात बसून. कथेला नव्हतं सांगितलं." मग जरा थांबून, "आता मला काय बोलायचं आसलं तर कुणाला बोलू?"

गाडी आली. मी चढले. खिडकीतून हात केला, तिनेही केला.

मालिका मी चाळिसाव्या भागात संपवली. नायक गेला. वाचकांनी मला बोल लावले, एकीने लिहिलं, "ताई, तुम्ही त्याला मारलंत." तो पहिल्या भागापासून मेलेलाच होता, पण मी वाद घातला नाही. वैजापूरला आत्या आता अमावास्येला घास ठेवतात आणि काही विचारत नाहीत, असं जाऊ सांगते. नणंद फोन करायची, सणावाराला, स्पीकरवर. तब्येत, पाऊस, ब्लाउजचे गळे. मी तेवढंच ऐकत होते आणि तेवढ्यावर मला गप्प बसावं लागत होतं. आठ महिने.

हे जे लिहिते आहे ते तिला विचारून. म्हणाली, "लिहा. नावं टाकू नका. आन् आत्याला चांगलं दाखवा."

गेल्या महिन्यात थर्ड शिफ्टचा आठवडा होता. नवरा झोपला होता, मी पायरीवर नव्या कथेचा सातवा भाग लिहीत होते. फोन वाजला. पलीकडे मशीनचा आवाज नव्हता, घराचाही नव्हता.

"वहिनी," ती म्हणाली, "स्पीकर बंद केला हाय. मागं आंगणात आले. एक सांगू का?"

"सांगा."

"लिहायचं नाय."

"नाही लिहिणार," मी म्हणाले.

ती विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करत होती. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी मांडीवरची भुताच्या नियमांची वही मिटली आणि उगाचच एक पायरी खाली सरकून बसले. मग ती बोलायला लागली, हळू, आणि वीस मिनिटं बोलली. ती काय बोलली ते मी नवऱ्याला सांगितलं नाही, आणि इथेही ते नाही.